विचार येऊ द्या, भाव विचारू नका : ध्यानाला नव्याने बसणाऱ्यांसाठी

"डोळे मिटून बसलं की उलट जास्तच विचार येतात. मला काही हे जमायचं नाही." नव्याने बसू लागलेली बहुतेक माणसं पहिल्या आठवड्यात असं म्हणतात आणि त्यातली बरीच तिथेच थांबतात. प्रत्यक्षात विचार वाढलेले नसतात. ते दिवसभर चालूच असतात, फक्त आपण त्यांच्यात इतके गुंतलेले असतो की ते वेगळे दिसत नाहीत. २०१० साली हार्वर्डमधल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी सुमारे २,२५० लोकांना दिवसातून अधूनमधून मोबाईलवर विचारलं होतं, की आत्ता काय करताय आणि मन त्याच कामात आहे का? जवळपास ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं. आणि मन भलतीकडे असताना लोक कमी खूश होते, अगदी ते गोड आठवणीत रमलेलं असलं तरी हातातल्या कामात असण्यापेक्षा जास्त खूश नव्हते.

म्हणजे तुमचं मन भटकतं यात तुमचं काही चुकलेलं नाही. सगळ्यांचंच भटकतं.

मग बसून साधायचं काय? मन रिकामं करणं हे तरी नक्कीच नाही. 'विचारशून्य अवस्था', 'निर्विकल्प' असले शब्द पहिली काही वर्षं बाजूला ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. नवख्या माणसाच्या हातात त्यातून फक्त अपयशाची भावना पडते. शिकायचं आहे ते याहून बरंच साधं: विचार आला हे लक्षात येणं, आणि लक्षात आल्यावर त्याच्याशी बोलत न बसणं. संध्याकाळी मंडईतून चालताना प्रत्येक गाळ्यावरून हाका येतात. "या ताई, मेथी बघा, आत्ता उतरलीये." हाका बंद करणं आपल्या हातात नसतं, त्याची गरजही नसते. पण एकदा का "कशी दिली?" असं विचारलं की पाय थांबलेच, मग पिशवी उघडेपर्यंत सुटका नाही. विचारांच्या बाबतीत हा भाव विचारण्याचा क्षण ओळखता आला की निम्मं काम झालं.

हाका बंद करायला गेलं तर काय होतं, हे डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये करून पाहिलं. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजत राहिल्या. नंतर त्यांनाच "आता खुशाल अस्वलाचा विचार करा" म्हटल्यावर, ज्यांना आधीपासून मुभा होती त्यांच्याहून यांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. विचार दडपला की तो दबून राहत नाही, उलट त्याच्यावर पहारा ठेवण्यासाठी मन सतत त्यालाच शोधत बसतं. त्यामुळे "विचार करायचाच नाही" असं ठरवून बसू नका.

बसण्याआधी

सगळ्यात महत्त्वाची तयारी म्हणजे घरातल्यांना सांगून ठेवणं. दोन खोल्यांच्या घरात, जिथे सकाळी दूधवाला, कचऱ्याची गाडी, मुलांची शाळा आणि कुकर एकाच वेळी हजर असतात, तिथे "मी दहा मिनिटं उत्तर देणार नाही" एवढं वाक्य आसनापेक्षा जास्त उपयोगी पडतं. ही दहा मिनिटं स्वार्थ वाटत असतील तर बाथरूममध्ये लागणाऱ्या वेळाचा हिशोब कुणी मागत नाही, हे आठवा.

वेळ कोणतीही चालेल, पण रोज तीच. सकाळी तोंड धुतल्यावर बसणं बहुतेकांना सोपं जातं, कारण दिवसाच्या कटकटी अजून सुरू झालेल्या नसतात. चहा आधी की नंतर, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. चहाशिवाय डोळे उघडत नसतील तर चहा घेऊन बसा. भरपेट जेवून मात्र बसू नका, झोप येते.

मांडी घालून बसायचं असेल तर सतरंजीची जाड घडी किंवा कडक उशी बुडाखाली घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ राहते. नुसत्या चटईवर बसलं की कंबर मागे ढळते, पाच मिनिटांत पाठ धरते आणि दोष ध्यानाला दिला जातो. पद्मासनाची गरज नाही. गुडघे दुखत असतील तर साधी खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकलेले असू द्या. सुरुवातीला भिंतीला टेकलात तरी चालेल. पलंगावर आडवं होऊन मात्र नको. त्याला आपण सगळे वर्षानुवर्षं झोप म्हणत आलोय.

मोबाईल विमान मोडवर टाका आणि दहा मिनिटांचा गजर लावा. गजराचा आवाज मऊ निवडा. उदबत्ती, मंद संगीत, ध्यानाचं ॲप यातलं काही लागत नाही. ॲप वाईट असतं असं नाही, पण त्यातला माणूस बोलत राहतो आणि आपण ऐकत राहतो. आपल्याला ऐकायचंय ते दुसरंच काही.

पहिला आठवडा: पोट वर, पोट खाली

ध्यानाच्या पद्धती असंख्य आहेत. मी इथे जी सांगतोय ती म्यानमारच्या महासी सयाडॉ या भिक्खूंनी रुळवलेली नोंद घेण्याची पद्धत आहे. ते १९०४ ते १९८२ या काळात होऊन गेले आणि १९४९ पासून त्यांनी रंगूनमध्ये सामान्य गृहस्थांना मोठ्या संख्येने ही पद्धत शिकवली. घरी एकट्याने सुरुवात करणाऱ्याला ती सोयीची पडते, कारण दर क्षणी काय करायचं ते स्पष्ट असतं. पूर्ण साधना यापेक्षा बरीच खोल आहे. आपण तिचा उंबरठा तेवढा ओलांडतोय.

डोळे मिटा. कमरेची नाडी किंवा पट्टा घट्ट असेल तर सैल करा. लक्ष बेंबीच्या आसपास न्या. श्वास घेताना पोट वर येतं, सोडताना खाली जातं. वर येताना मनातल्या मनात 'वर' म्हणा, खाली जाताना 'खाली'. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, हा प्राणायाम नव्हे. उथळ असेल तर उथळ, वेडावाकडा असेल तर वेडावाकडा. शब्द अगदी हलका हवा. खरं लक्ष पोटाच्या त्या ताणण्या-सैलावण्याकडे असावं. शब्द पाटीवरच्या नावासारखा मोठा झाला तर नुसता जप उरतो.

पोटाची हालचाल कळत नसेल तर तळहात पोटावर ठेवा. तरीही नाही कळली तर नाकपुड्यांशी हवेचा स्पर्श धरा. कोणतंही एक ठिकाण निवडा आणि निदान महिनाभर बदलू नका.

ज्यांच्या घरात नामस्मरणाची सवय आहे ते विचारतात, पोटाऐवजी नाम धरलं तर? हरकत काहीच नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, नाम ओठांवर आपसूक चालू राहू शकतं आणि मन पेन्शनच्या रांगेत उभं असू शकतं. माळेचे मणी पुढे सरकत जातात, पण आपण तिथे नसतो. पोटाच्या बाबतीत अशी फसवणूक थोडी लवकर पकडली जाते, म्हणून मी नवख्यांना पोटच सुचवतो.

तीन-चार श्वास नीट जातील. मग अचानक लक्षात येईल की आपण गेली दोन मिनिटं गावच्या घराच्या वाटणीत होतो. हाच तो क्षण. या क्षणी माणसं स्वतःवर चिडतात, आणि चिडण्यासारखं इथे खरोखर काही नसतं. मन भटकलं ते तुम्हाला विचारून भटकलं नव्हतं. भटकलंय हे कळलं, तेवढंच तुमच्या बाजूने घडलेलं आहे. मनात 'विचार' असं म्हणा आणि पुन्हा पोटावर या. दहा मिनिटांत हे तीस वेळा झालं तर सराव तीस वेळा झाला. एकदाही झालं नाही, तर एक तर तुम्ही खूप पुढे गेलेले आहात किंवा सगळा वेळ वाटणीतच होतात, आणि दुसरी शक्यता जास्त आहे.

पहिल्या आठवड्यात एवढंच करायचं.

दुसऱ्या आठवड्यापासून: नोंद

आता 'विचार' या एकाच शब्दाऐवजी विचाराची जात ओळखायची. आपल्या घरात जशी बोली बोलली जाते त्याच बोलीतले शब्द घ्या, पुस्तकी नको. पुढचं काही ठरवत असाल तर 'बेत'. मागचं काही आठवत असेल तर 'आठवण'. 'काळजी', 'हिशोब', 'भांडण', 'कंटाळा', 'हुरहुर'. बाहेरचा आवाज असेल तर 'आवाज', शरीरात काही जाणवत असेल तर 'दुखणं' किंवा 'खाज'. पाच-सहा शब्दांत बहुतेक माणसांचं सगळं मन बसतं. काही दिवस नोंद घेतल्यावर हे लक्षात येतं तेव्हा थोडं हसूही येतं, कारण इतक्या वर्षांची एवढी मोठी उलाढाल शेवटी तीन-चार डब्यांत भरलेली निघते.

प्रत्यक्षात ते साधारण असं चालतं:

वर, खाली, वर, खाली. गॅस सिलिंडर बुक केला होता का? 'काळजी.' खाली. वर. खालच्या मजल्यावर कुणीतरी गाडीला किक मारतंय. 'आवाज, आवाज.' वर, खाली. आता किती मिनिटं झाली असतील? 'घाई.' वर, खाली, वर. परवा मीटिंगमध्ये तो सगळ्यांसमोर असं बोललाच कसा, मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की हा आकडा तुम्हीच... 'भांडण.' 'भांडण.' खाली. वर. वा, आज छान लागलंय. 'कौतुक.' खाली.

शेवटची नोंद सोडू नका. "छान लागलंय" हाही विचारच आहे आणि "आज काहीच जमत नाहीये" हाही. बसण्याबद्दलचे शेरे बसण्याच्या वेळी सगळ्यात जास्त येतात आणि सगळ्यात कमी पकडले जातात, कारण ते विचार न वाटता निकाल वाटतात.

नोंद एका शब्दाची असू द्या. "मला आत्ता ऑफिसच्या गोष्टीवरून राग येतोय, कारण..." इथपर्यंत गेलात की भाव विचारून झाला. नेमका शब्द शोधत बसण्याचीही गरज नाही. सुचला नाही तर 'विचार' आहेच. आणि शब्दाने विचाराला काठी मारू नका. काही जण दात आवळून 'काळजी! काळजी!' म्हणतात, जणू कुत्रं हाकलतायत. हे अस्वलावर पहारा ठेवण्यासारखंच झालं. शब्द उच्चारून झाल्यावर विचार विरला तर ठीक, राहिला तर राहू द्या, तुम्ही पोटावर या. तो मागे कुरकुरत राहील. त्याला कुरकुरायची परवानगी आहे.

'भांडण' वेगळं हाताळावं लागतं

बहुतेक विचार एका नोंदीत सैल पडतात. मनातली भांडणं पडत नाहीत. नणंदेचं लग्नातलं बोलणं, साहेबांचा टोमणा, भावाने न उचललेला फोन, सोसायटीच्या सभेतला तो गृहस्थ. आपण दोन्ही बाजूंचे वकील होतो, साक्षी काढतो, जिंकतो, आणि पुन्हा पहिल्यापासून खटला सुरू करतो. पाच वेळा 'भांडण' म्हटलं तरी सहाव्यांदा ते हजर.

याचं कारण बहुधा शब्दांत नसतं, अंगात असतं. भांडण चालू असताना एकदा मुद्दाम शरीराकडे बघा. जबडा आवळलेला असतो, खांदे कानांकडे सरकलेले असतात, छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात काहीतरी गच्च असतं. तो गच्चपणा आहे तोवर मन त्याला शोभेल असं संभाषण पुरवत राहतं. त्यामुळे पुढे असं करा.

आधी गोष्ट सोडा, जागा धरा. कोण काय म्हणालं हे तसंच राहू द्या आणि गच्चपणा नेमका कुठे आहे ते पाहा. छातीच्या मध्ये की डावीकडे? तळहाताएवढा की सुपारीएवढा? गरम आहे, की दाब आहे, की धडधड? मग त्याचीच नोंद घ्या: 'दाब, दाब', 'गरम'. तो जावा म्हणून नव्हे, तो कसा आहे ते कळावं म्हणून. काही श्वासांत तो थोडा हलतो, पसरतो, जागा बदलतो. मधेच संभाषण पुन्हा सुरू होईल, की पुन्हा छातीकडे. हे सगळं होताना भावनेचं नाव ओळखता आलं तर तेही म्हणा: 'राग', 'अपमान', 'भीती'. रागाच्या खाली बऱ्याचदा अपमान सापडतो आणि अपमानाच्या खाली भीती, पण हे खोदून काढायचं नाही, दिसलं तर दिसलं.

नाव दिल्याने खरंच काही होतं का? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूची प्रतिमाचित्रं घेऊन हे तपासलं. रागीट किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं पाहताना त्या भावनेला शब्द दिला, तर मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची दखल घेणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. चेहऱ्याला माणसाचं नाव देऊन तसं झालं नाही, भावनेचं नाव द्यावं लागलं. प्रयोगशाळेतली छायाचित्रं वेगळी आणि स्वतःची नणंद वेगळी हे मान्य. तरी दिशा तीच आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. विचार सोडून देणं म्हणजे प्रश्न सोडून देणं नव्हे. आपल्याकडे घरातल्या बायकांना आणि ऑफिसातल्या खालच्या माणसांना "जाऊ दे, मनावर घेऊ नकोस" हा सल्ला फार उदारपणे वाटला जातो, आणि आता त्याला ध्यानाचं गोंडस नाव मिळू लागलं आहे. आसनावर भांडणाची नोंद घ्यायची. उठल्यावर डोकं थंड असताना ठरवायचं, की या माणसाशी बोलायचं का, तक्रार करायची का, वेगळं व्हायचं का. उलट सतरा वेळा मनात जिंकलेलं भांडण प्रत्यक्षात बोलायची वेळ आली की शब्द फुटत नाहीत, हा बहुतेकांचा अनुभव असतो. मनातलं थांबलं तर प्रत्यक्षातलं नीट बोलता येण्याची शक्यता वाढतेच.

कामाच्या विचारांसाठी वही

काही विचार खरोखर कामाचे असतात. विम्याचा हप्ता, मुलाचा फॉर्म, आईची गोळी संपत आली. यांना 'बेत' म्हणून सोडलं तरी ते परत येतात, कारण विसरण्याची धास्ती खरी असते. त्यांच्यासाठी शेजारी एक वही ठेवा, पण बसलेलं असताना उघडू नका. बसण्याच्या आधी दोन मिनिटं डोक्यातली कामं लिहून काढा, आणि मधे नवीन काही आलंच तर गजर झाल्यावर लिहा. महत्त्वाचं काम दहा मिनिटांत विसरलं जात नाही.

रात्री झोपेच्या वेळी विचारांचा भुंगा लागणाऱ्यांना तर ही वही ध्यानापेक्षा आधी सुचवावी. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं लिहिली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी लवकर. त्यामुळे नुसतं 'बँक' असं न लिहिता 'बँकेत जाऊन केवायसीचे कागद देणे, आधारची झेरॉक्स न्यायची' असं लिहा.

किरकोळ अडचणी

झोप येते: डोळे अर्धवट उघडा, पाठ सरळ करा, तरीही आली तर उभे राहून करा. रोजच येत असेल तर रात्रीची झोप कमी पडते आहे, आधी ती पुरी करा.

पायाला मुंग्या येतात: 'मुंग्या' अशी नोंद घ्या, थोडा वेळ बघा, नकोसं झालं की सावकाश पाय बदला आणि बदलतानाही लक्ष तिथेच ठेवा. वीरश्री दाखवण्याची गरज नाही. तीक्ष्ण, भोसकल्यासारखं दुखत असेल तर लगेच बदला.

खाज: एक-दोन मिनिटं थांबून बघाच. ती चढते, चढते आणि बऱ्याचदा आपोआप जाते. खाजेच्या बाबतीत हे एकदा पाहिलं की विचारांबद्दलही विश्वास बसायला लागतो.

बाहेरचा लाऊडस्पीकर: गणपतीत आणि लग्नसराईत याला इलाज नाही. तेवढे दिवस पोट सोडा आणि आवाजालाच धरा. गाण्याचे शब्द ऐकू नका, फक्त ठोका ऐका.

आसनावरून उठल्यावर

दुसरा महिना लागला की वेळ पंधरा-वीस मिनिटांवर न्या. त्याहून जास्त हौस नको. दहा मिनिटं रोज बसणारा, रविवारी एक तास बसणाऱ्याच्या पुढे जातो.

आणि दिवसातली एखादी रिकामी जागा पकडा. लिफ्टची वाट बघताना, सिग्नलला, एसटी सुटण्याआधी, मोबाईल खिशातून काढण्याच्या अगोदरची दहा सेकंदं. पाय जमिनीला टेकलेत ते जाणवू द्या, मनात काय चाललंय त्याला एक शब्द द्या, झालं. जेवणाच्या ताटावर हे जमत नाही असं अनेकांचं म्हणणं असतं, आणि समोर टीव्ही चालू असेल तर ते अगदी बरोबर आहे.

गुण कधी येतो? जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ध्यानावर आधारलेला जो कार्यक्रम सुरू केला, तो सुरुवातीला १० आठवड्यांचा होता, पुढे ८ आठवड्यांचा झाला आणि आजही तेवढाच असतो. घरच्या सरावालाही तेवढा अवधी द्या. पण मोजमाप आसनावरच्या शांततेचं करू नका. ती कधी असते, कधी नसते, आदल्या रात्रीच्या जागरणावरही अवलंबून असते. मोजायचं ते हे, की मनातलं भांडण पूर्वी अर्ध्या तासाने लक्षात यायचं ते आता पाच मिनिटांत येतं का? मुलावर ओरडण्याआधी आवाज चढतोय हे एखाद्या वेळी तरी कळलं का? घरातल्या माणसांना विचारा. ते तुमच्यापेक्षा खरं सांगतील, कदाचित हवं त्यापेक्षा जास्तच.

कधी थांबायचं

ध्यान सगळ्यांना सगळ्या वेळी मानवतंच असं नाही. श्वासाकडे लक्ष दिलं की काही जणांची घाबरगुंडी वाढते, विशेषतः ज्यांना पॅनिक अटॅक येतात किंवा दमा आहे त्यांची. अशांनी पोट सोडून तळपाय किंवा बाहेरचे आवाज धरावेत, डोळे उघडे ठेवावेत. जुना आघात, अपघात, अत्याचार यांच्या आठवणी उसळून येत असतील तर 'आठवण' अशी नोंद घेत एकट्याने रेटू नका. उठा, कुणाशी तरी बोला, आणि समुपदेशकाबरोबर पुढे जा. नैराश्य, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारून बसा, आणि ध्यान सुरू केलं म्हणून गोळ्या बंद करू नका. जगण्यात अर्थ नाही असे विचार वारंवार येत असतील तर ते सोडून द्यायच्या विचारांपैकी नव्हेत, ते माणसाला सांगायचे विचार आहेत. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं.

आणि इगतपुरीचं काय?

काही महिने घरी बसल्यावर हा प्रश्न येतोच, कारण ओळखीतलं कुणी ना कुणी विपश्यनेला जाऊन आलेलं असतं. मंडाले इथे १९२४ मध्ये जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये म्यानमारहून भारतात आले, आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांची पद्धत त्यांनी इथे शिकवायला घेतली, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं होऊ लागली. पहिलं शिबिर १० दिवसांचं असतं. पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी जवळपास दहा तास बसणं, पूर्ण मौन, मोबाईल आणि वही-पेन जमा. नव्या साधकांना संध्याकाळी जेवण नसतं, पाचच्या सुमाराला चहा आणि फळं. फी नाही, शिबिर पूर्ण केलेली माणसं देणगी देतात त्यावर चालतं.

दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. तिथली पद्धत आणि वर सांगितलेली नोंदीची पद्धत यांचं मूळ एकच असलं तरी रीत वेगळी आहे. तिथे पहिले तीन दिवस नाकाशी नैसर्गिक श्वास बघायचा असतो, शब्द, मोजणी किंवा नाम जोडायचं नसतं, आणि चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. त्यामुळे जाताना 'वर-खाली' घरी ठेवून जा. दोन्हीची भेळ करून दहा दिवस वाया घालवलेली माणसं असतात. दुसरं, अर्जात तब्येतीबद्दल विचारतात, विशेषतः मानसिक आजार आणि चालू औषधं. प्रवेश नाकारतील या भीतीने ते लपवू नका. त्या प्रश्नामागे कारण आहे.

कधी जावं याचं माझं उत्तर असं, की घरी दोन-तीन महिने फारसे खाडे न करता वीस मिनिटं बसणं होत असेल, तर जा. कधीच न बसता थेट जाणारेही पुष्कळ असतात आणि त्यातले बरेच शिबिर पुरं करतात, पण पहिल्या तीन दिवसांत त्यांचे गुडघे आणि पाठ इतकी बोलतात की मनाला बोलायची संधीच मिळत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये जात असाल तर छत्री आणि कपड्यांचे दोन जास्तीचे जोड घ्या. इगतपुरीच्या पावसात धुतलेलं काही वाळत नाही.